गॅस दोनदा भरला, तरी हवा पायातच: ऑटो क्लायमेटचं दुखणं नेमकं कुठे असतं

नोव्हेंबरातली सकाळ. कोथरूडहून हिंजवडीला निघालो, गाडीचा एसी ऑटोवर, म्हणजे आपण फक्त तापमानाचा आकडा लावायचा, बाकी सगळं तोच ठरवतो. आकडा २४. चांदणी चौक गेला, बावधन मागे पडलं आणि पायांवर गरम झोत सुरू झाला. समोरच्या जाळ्यांतून फुंकर मारल्याइतकीही हवा नाही. बूट तापले, काच खाली केली. दुपारी परत येताना तीच गाडी, तोच २४ चा आकडा, पण आता तोंडावर असा गार मारा की स्टीअरिंगवरची बोटं आखडली. बायको म्हणाली, "हिला सकाळी थंडी वाजते आणि दुपारी ताप येतो." निदान अगदी बरोबर होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

हे सलग तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी हिवाळाभर कुरकुर करून फेब्रुवारीच्या शेवटी गाडी एसीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "गॅस कमी झालाय, साहेब." गॅस भरला. मार्च, एप्रिल, मे अगदी झकास गेले. मी चार जणांना काकांचा नंबर दिला. नोव्हेंबरात पुन्हा तेच. फेब्रुवारीत पुन्हा गॅस, उन्हाळा पुन्हा झकास. तिसऱ्या नोव्हेंबरात डोक्यात प्रकाश पडला की उन्हाळ्यात दुखणं बरं होत नव्हतं, ते फक्त झाकलं जात होतं. मे महिन्यात पुण्यात एसी जरा जास्तच गार करतोय अशी तक्रार कोण घेऊन जातं?

गॅसबद्दल आधीच सांगून टाकतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि कमी होतो तो फक्त गळतीने. जुन्या गाडीत सील आणि रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडाथोडा झिरपतो, हे खरं. पण सकाळी कमी आणि दुपारी भरपूर, असं गॅस कधी वागत नाही. ज्या गाडीत दुपारी बोटं आखडतात, त्या गाडीत गॅस आहे. एवढा साधा विचार मी दोन वर्षं केला नाही.

डॅशबोर्डच्या पोटातला डबा

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, डॅशबोर्डच्या पोटात काळ्या प्लास्टिकचा एक मोठा डबा असतो. हवेचा सगळा प्रवास त्यात होतो. पहिल्या दारावर ठरतं की हवा बाहेरची घ्यायची की आतलीच फिरवायची. तिथून केबिन फिल्टर, ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा, आणि मग कूलिंग कॉइल. बहुतेक गाड्यांत सगळी हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते आणि एसी चालू असला तर तिथे थंड होते, तुम्ही १८ लावा नाहीतर २८. त्यापुढे हीटरची कॉइल असते. तिच्यात इंजिनाचं गरम पाणी, म्हणजे कूलंट, खेळत असतं. या दोन कॉइलांच्या मधे एक फ्लॅप असतो. थंड हवेतली किती हीटरवरून न्यायची आणि किती सरळ पुढे सोडायची, हे तो ठरवतो. आंघोळीच्या पाण्यात आपण विसण घालतो ना, तसंच, फक्त इथलं विसण गरम हवेचं. आकडा २४ चा २६ केला म्हणजे कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, कमी चालेल असं अनेकांना वाटतं. साध्या कॉम्प्रेसरच्या गाडीत बऱ्याचदा तो तसाच चालत राहतो, फक्त विसण जास्त पडतं.

विसण घालून झालेली हवा मग दिशेच्या फ्लॅपांकडे येते. एक वाट तोंडाकडे, एक पायांकडे, एक समोरच्या काचेवर. साध्या एसीत हे फ्लॅप तुमच्या हातातल्या नॉबला केबलने बांधलेले असतात. ऑटोमध्ये प्रत्येक फ्लॅपला काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी मोटर असते आणि तिला हुकूम देतो एसीचा संगणक.

हा संगणक काय करतो ते कळलं की अर्धं कोडं सुटतं. तो तुम्ही लावलेला आकडा घेतो, गाडीतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि ऊन किती लागतंय ते बघतो, आणि त्यावरून एक नवा आकडा काढतो: जाळीतून बाहेर पडणारी हवा किती अंशांची हवी. हा आकडा खालचा निघाला, म्हणजे गार हवा हवी असली, तर हवा तोंडावर. वरचा निघाला तर पायांवर. मधला असला तर दोन्हीकडे. कारण उघड आहे. गार हवा खाली बसते, म्हणून ती वरून सोडायची. गरम हवा वर चढते, म्हणून ती खालून. शिवाय तोंडावर गरम वारा आला की डोळे कोरडे पडतात आणि झोप येते.

म्हणजे "हवा पायातच का येते" हा प्रश्न खरा दिशेचा नसतोच. संगणकाची समजूत झालेली असते की तुम्हाला थंडी वाजतेय. अशी समजूत त्याला कोणी करून दिली, ते शोधायचं.

जे बिघाड नाहीत ते

डिसेंबरात सकाळी बाहेर १२ अंश आणि तुम्ही २५ लावलंय, तर हवा पायांवरच येणार. गाडी शहाणी आहे, तिला काही झालेलं नाही.

थंड इंजिनावर ऑटो लावल्यावर ब्लोअर कुजबुजल्यासारखा फिरतो आणि काही मिनिटांनी एकदम जोर धरतो. तो कूलंट गरम व्हायची वाट बघत असतो, गार हवा पायावर मारण्यापेक्षा हे बरं. माझ्या गाडीत गरम झोत बावधनलाच का सुरू व्हायचा, याचं उत्तरही हेच. तिथवर इंजिन तापायचं.

हवा पायांवर असतानाही थोडी काचेवर जाते. काच धुरकट होऊ नये म्हणून ती मुद्दाम सोडलेली असते. समोरच्या काचेवर हवा सोडायचं बटण दाबल्यावर एसी आपोआप चालू होतो, तोही त्याचसाठी, हवा कोरडी करायला. काही गाड्यांत आरशामागे ओलावा ओळखणारा सेन्सर असतो, तिथे पावसाळ्यात हवा न सांगता काचेकडे वळते.

पावसाळ्यावरून आठवलं. ताम्हिणीत जुलैमध्ये काच धुरकटली की लोक घाबरून हवा काचेवर आणि आकडा सगळ्यात खाली करतात, आणि काच आणखी पांढरी होते. काचेवरून आतून बोट फिरवून बघा. बोटाने रेघ उमटली नाही तर दव बाहेरच्या बाजूला आहे. काच आतून गार झाल्यामुळे बाहेरची दमट हवा तिच्यावर जमते. वायपर मारा, गार हवा काचेवरून हटवा, आकडा वर न्या. ही तक्रार घेऊन गॅरेजला जाऊ नका. कोणीतरी गॅस भरेल.

हुकूम चुकतोय, की हुकूम पाळला जात नाहीये?

पाच मिनिटांची ही परीक्षा आधी करा. हत्यार काही लागत नाही. इंजिन नीट गरम झालेलं असू द्या, गाडी सावलीत उभी, ब्लोअर मध्यम.

दिशेचं बटण हाताने दाबा: तोंड, तोंड आणि पाय, पाय, काच. प्रत्येक वेळी हात लावून बघा की हवा खरंच तिकडे गेली का. मग तापमान अगदी खाली न्या, पडद्यावर 'लो' येईपर्यंत. पाच मिनिटं थांबा. मग अगदी वर, 'हाय' येईपर्यंत. या दोन टोकांना संगणक हिशेब बाजूला ठेवतो आणि विसणाचा फ्लॅप सरळ एका टोकाला नेतो. 'लो'वर बर्फासारखी आणि 'हाय'वर चटका बसेल अशी हवा आली, दिशाही बटणाप्रमाणे बदलली, तर गॅस, कॉम्प्रेसर, फ्लॅप, मोटरी सगळं ठणठणीत आहे. हुकूम पाळला जातोय, चुकतोय तो हुकूम. मग सेन्सर बघायचे.

उलट, बटण दाबूनही दिशा बदलत नाही, किंवा 'लो'वर कोमट आणि 'हाय'वरही कोमट, किंवा डॅशबोर्डातून टकटक ऐकू येते, तर हुकूम पाळला जात नाहीये. मग मोटर आणि फ्लॅप बघायचे.

'लो'वर अर्धवट गार वाटलं तर स्वयंपाकघरातला काडीचा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत खुपसा. आतली हवा फिरती ठेवून, दारं बंद करून दहा मिनिटं. बाहेर पस्तिशीचं ऊन असताना माझ्या गाडीत ८ ते १० येतं. १८ आलं आणि 'हाय' नीट चालत असेल, तर मात्र काकांच्या गॅसला एक संधी द्या, पण आधी गळती शोधायला सांगा. आणखी एक बारकावा: डाव्या जाळीत ८ आणि उजव्या जाळीत १५ असा फरक दिसला तर संशय फ्लॅपवर जातो, पण काही गाड्यांत गॅस कमी असतानाही हेच होतं. कूलिंग कॉइलचा एक भाग कोरडा पडतो आणि त्या बाजूची हवा कमी गार होते. म्हणजे काका दर वेळी चुकीचे नसतात. माझ्या वेळी होते.

माझी गाडी या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली. मग सेन्सर.

खबरे खोटं बोलतात तेव्हा

गाडीतलं तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डवरच्या एका बारीक जाळीमागे असतो. रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान जाळी. नऊ वर्षं मला वाटत होतं की ती मायक्रोफोनची आहे. सेन्सर नुसता तिथे बसून राहिला तर त्याला डॅशबोर्डचंच तापमान कळेल, म्हणून त्याच्यावरून केबिनमधली हवा सतत ओढली जाते. त्यासाठी सेन्सरच्या मागून एक बोटाएवढी नळी निघते आणि ब्लोअरच्या डब्याला जाऊन मिळते. डब्यातून जोरात जाणारी हवा त्या नळीतून थोडी हवा ओढून घेते. वेगळा पंखा नाही, काही नाही. काही युरोपीय गाड्यांत नळीऐवजी सेन्सरपाशी इवलासा पंखा असतो, तो धुळीने भरला की डासासारखा गुणगुणतो.

परीक्षा अगदी पोरखेळ आहे. टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करा, नखाएवढा तुकडा फाडा, ब्लोअर पूर्ण जोरात लावा आणि तुकडा त्या जाळीला टेकवा. चिकटून राहिला तर नळी ठीक. माझा तुकडा पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला, क्लचच्या पेडलखाली जाऊन बसला.

स्टीअरिंगखालचं पॅनेल काढलं. (इथे एक धोक्याची सूचना: पिवळ्या वायरी आणि पिवळे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका. काही गाड्यांत गुडघ्याची एअरबॅग याच पॅनेलमागे असते. तशी असेल तर हे काम सरळ गॅरेजवर सोडा. बाकीच्यांनी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटं थांबा, मगच हात घाला.) मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात बघितलं तर सेन्सरच्या मागे नळीच नव्हती. ती खाली वायरींच्या गुंत्यात लोंबत होती, तिच्या तोंडाला कापसासारखी धूळ.

त्याच्या दोन वर्षं आधी दिवाळीत मी गाडीत मोठा टचस्क्रीन बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने डॅशबोर्डची अर्धी पॅनेलं काढली होती, परत बसवताना नळी सुटली असणार. त्यानंतर लगेच आलेला हिवाळा हा तक्रारीचा पहिला हिवाळा. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला मला दोन वर्षं लागली.

आता बायकोचं निदान बघा. नळी सुटल्यावर सेन्सर डॅशबोर्डच्या पोटातली साचलेली हवा मोजत होता. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी, सकाळी ते पोट गारठलेलं. माणसं बसून केबिन सुधारली तरी पोट गारच. संगणकाला खबर गेली: आत थंडी आहे. त्याने विसण वाढवलं आणि हवा पायांकडे वळवली. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये डॅशबोर्ड उन्हात भाजलेला. केबिन दहा मिनिटांत गार झाली तरी पोट तापलेलंच. खबर गेली: आत भट्टी आहे. त्याने पूर्ण गार हवा तोंडावर सोडली. बिचारा संगणक दोन्ही वेळी प्रामाणिकपणे काम करत होता.

नळीची धूळ मऊ ब्रशने झटकली, तिच्या जागी खोचली, आणि प्लास्टिकची टायपट्टी ओढून घट्ट केली. टिश्यूचा तुकडा टपकन चिकटला. खर्च झाला तो टायपट्टीचा.

नळी ठीक असेल आणि तरी शंका असेल तर सेन्सर मीटरने तपासता येतो. आतला थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा भाग, गरम झाला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. टोयोटाच्या कित्येक मॉडेलांत २५ अंशांना तो साधारण १.७ किलोओहम असतो. दुसऱ्या गाडीचा आकडा वेगळा असेल, पण वागणं तेच. मीटर लावून सेन्सर दोन बोटांत धरा किंवा त्याच्यावर हलकेच श्वास सोडा, आकडा सावकाश उतरला पाहिजे. हललाच नाही किंवा उड्या मारू लागला तर सेन्सर गेला. गॅरेजातल्या हवा मारायच्या कंप्रेसरची हवा मात्र त्याच्यावर मारू नका. तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो, पाय तुटतात.

दुसरा खबऱ्या उन्हाचा. काचेच्या खाली, डॅशबोर्डच्या वरच्या पृष्ठभागावर काळसर बुबुळासारखं काहीतरी असतं. ऊन पडलं की तो सांगतो, मग संगणक हवा आणखी गार करतो आणि ब्लोअर वाढवतो. आता आपल्याकडे ती जागा बरोबर कशासाठी वापरली जाते? गणपती. दुतोंडी टेप लावून बाप्पा नेमके त्या बुबुळावर बसवलेले मी निदान तीन गाड्यांत बघितलेत. बाप्पा नसतील तर डॅशबोर्डवर फरची चटई. भर दुपारी सोलापूर रस्त्यावर आकडा २४ आणि माणूस घामाघूम, कारण गाडीच्या मते रात्र आहे. बाप्पांना चार बोटं बाजूला सरकवा. आणखी एक: अंधाऱ्या तळघरातल्या गॅरेजमध्ये स्कॅनर, म्हणजे गाडीचे बिघाड वाचणारं यंत्र, लावला तर काही गाड्या उन्हाच्या सेन्सरचा फॉल्ट दाखवतात. सेन्सर बदलायच्या आधी गाडी उन्हात नेऊन पुन्हा वाचायला सांगा.

तिसरा बाहेरच्या तापमानाचा, पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे. तो सहसा स्वतःहून बिघडत नाही. बंपरचं डेंटिंग-पेंटिंग झालं की क्लिप तुटून तो लोंबकळतो, किंवा कंडेन्सरला, म्हणजे एसीच्या पुढच्या तापणाऱ्या जाळीला, चिकटतो आणि ऑक्टोबरात ४८ दाखवतो. सिग्नलला उभं असताना चार-पाच अंश जास्त दिसणं चालतं. गाडी मोकळ्या रस्त्याला लागल्यावरही आकडा उतरला नाही तर खाली वाकून बघा. पडद्यावर उणे ४० किंवा नुसत्या रेघा दिसल्या तर कपलर निघालाय किंवा उंदराने वायर कुरतडलीय.

उंदीर हा विषय स्वतंत्र लिहावा लागेल. पावसाळ्यात ते वायपरखालच्या जाळीतून शिरतात, केबिन फिल्टरवर घरटं करतात, आणि जाता जाता वायरी चाखतात. ऑटोची हवा सगळ्याच दिशांनी मंद झाली आणि गाडीत ओलसर वास येऊ लागला तर बाकी काही करायच्या आधी फिल्टर बाहेर काढून बघा.

टकटक, आणि दोनदा गेलेली मोटर

वहिनींची गाडी नाशिकला. लहान हॅचबॅक, पण ऑटो क्लायमेटवाली. चावी फिरवली की डॅशबोर्डातून आठ-दहा वेळा टकटक, मग शांत. हवा काचेवर अडकलेली. तोंडाचं बटण दाबलं की पुन्हा टकटक, हवा तिथेच. वहिनींचा फोन आला, "भावजी, यात पाल अडकलीय का हो?"

टकटक म्हणजे बहुधा फ्लॅपच्या मोटरीतल्या प्लास्टिकच्या गिअरचा दात तुटलेला. मोटर फिरते, तुटक्या जागी गिअर घसरतो, परत पकडतो. बऱ्याच मोटरींत फ्लॅप कुठवर आलाय हे सांगणारा रोध असतो आणि पाच वायरी. काहींत फक्त दोन वायरी असतात, तिथे संगणक मोटर किती फिरली ते मोजून अंदाज बांधतो. म्हणूनच बॅटरी काढून परत लावली की काही गाड्या आधी प्रत्येक फ्लॅप या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आपली दोन टोकं शिकून घेतात. "बॅटरी काढून लावा, बरं होतं" हा सल्ला यातूनच आला. दोन दिवस बरं वाटतं, कारण मोजणी नव्याने सुरू होते. तुटलेला दात मात्र तुटलेलाच असतो.

वहिनींनी मोटर बदलून घेतली होती. चार महिन्यांनी पुन्हा टकटक. गॅरेजवाला म्हणाला, नवीच खराब निघाली, दुसरी मागवू. इथे मी मधे पडलो. मोटर काढल्यावर मागे फ्लॅपचा दांडा दिसतो, चपट्या बाजूचा किंवा दातेरी. तो चिमट्याने हळूच धरून हाताने फिरवायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला पाहिजे. त्यांचा पाऊण वाट जायचा आणि कडक वस्तूला लागल्यासारखा थांबायचा. संगणकाला ते टोक सापडत नाही, तो मोटर रेटत राहतो, आणि शेवटी दातच जातात. अशा गाडीत कितीही मोटरी बसवा.

मोबाइलला जोडायचा सापासारखा कॅमेरा मिळतो, तो काचेखालच्या जाळीतून आत सोडला. पहिल्यांदा दिसल्या अक्षता. मग झेंडूची वाळलेली पाकळी. मग, फ्लॅपच्या बिजागरीपाशी उभं अडकलेलं, एक रुपयाचं नाणं. दसऱ्याला गाडीची पूजा करताना डॅशबोर्डवर ठेवलेलं, पहिल्या वळणावर काचेच्या फटीतून खाली गेलेलं. रुपयाचं स्टेनलेस स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं हे नशीब. गॅरेजवाल्याकडे नट उचलायची चुंबकाची काडी होती, तिने दहा मिनिटांत ते वर आलं. अक्षता व्हॅक्यूमने.

नवी मोटर बसवल्यावर चावी बंद, एसीचा फ्यूज मिनिटभर बाहेर, परत आत, चावी चालू, आणि दोन मिनिटं एकाही बटणाला हात लावायचा नाही. काही गाड्यांत एवढ्यावर फ्लॅप स्वतः टोकं शिकतात. काहींना ते स्कॅनरमधून सांगावं लागतं. ऑनलाइन मिळणारा स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. एसीचे कोड बी अक्षराने सुरू होतात, त्यासाठी गॅरेजचा पूर्ण स्कॅनर लागतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र स्कॅनरशिवाय काम होतं: ऑटोचं आणि आतली हवा फिरवायचं बटण एकत्र दाबून चावी चालू केली की एसीचं पॅनेल स्वतःचे कोड दाखवतं, आणि पुढे एकेका पायरीने फ्लॅप हलवूनही दाखवतं. कोणत्या पायरीला हवा जागची हलत नाही, ते हाताला कळतं.

दांडा मोकळा फिरतोय, मोटर चांगली आहे, आणि तरी 'लो'वर हवा कोमट, शिवाय जाळ्यांतून काळे मऊ कण उडून शर्टावर बसतायत, असं झालं तर फ्लॅपवरचा फोम सडला आहे. काही फ्लॅपांना भोकं असतात आणि ती फोमने झाकलेली असतात. फोम गेला की गरम हवा त्यातून गळते. याला सोपा उपाय नाही, डबा खाली उतरवावा लागतो, आणि त्यासाठी सगळा डॅशबोर्ड. जुन्या गाडीवर एवढा खर्च करायचा का, हे दोन गॅरेजांकडून आकडे घेऊन ठरवा. मी केला नसता.

ब्लोअर एकाच वेगाने पळतोय किंवा अजिबात फिरत नाही, ही वेगळी तक्रार आहे. ऑटोत ब्लोअरचा वेग एक पॉवर मॉड्यूल सांभाळतं, ते सहसा ब्लोअरजवळच बसवलेलं असतं. ते बदलताना केबिन फिल्टरही बदला. तुंबलेल्या फिल्टरमुळे त्याला हवा लागत नाही आणि ते तापून जातं.

मोटर घेताना जुनी सोबत न्या. पुण्यात नाना पेठेत दुकानदार नंबर न विचारता मोटर हातात घेऊन उलटीपालटी करतो, दांड्याचा आकार आणि वायरी मोजतो, आणि मगच आत जातो. डावीची मोटर उजव्या बाजूला बसते पण उलटी फिरते, असल्या गमतीही आहेत.

वहिनींच्या गाडीची हवा आता तोंडाचं बटण दाबलं की तोंडावर येते. नाणं त्यांनी धुऊन देव्हाऱ्यात ठेवलंय. या दसऱ्याला ते गाडीत ठेवणार होत्या, मी डॅशबोर्डवर नको म्हणालो, तर त्यांनी ते कपहोल्डरमध्ये ठेवून हळदीकुंकू वाहिलं.